धाप लागलेल्यांचा हिशेब

काही रोग गाजावाजा करीत येतात. पटकीची साथ आली की गावोगावी दवंडी पिटली जाई. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा माणसे राहती घरे सोडून माळावर झोपड्यांतून राहावयास गेली. अगदी अलीकडे, २०२० साली, कोरोनाने सारा देश घरात कोंडून टाकला. अशा रोगांची दखल सरकारला घ्यावीच लागते, कारण त्यांचा आघात एकाच वेळी असंख्यांवर होतो. याउलट काही रोग पावले न वाजवता येतात. जिना चढताना थोडा दम लागतो, भाकरीचे पीठ मळताना मध्येच थांबावे लागते, थंडीत सुरू झालेला खोकला उन्हाळा आला तरी हटत नाही. आणि हे सारे ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते. वैद्यकशास्त्र ज्याला ‘सीओपीडी’ म्हणते तो श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार या दुसऱ्या जातीचा आहे. आपल्याकडे त्यालाही सरसकट ‘दमा’ असेच म्हणतात. वस्तुतः दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. दम्यात आखडलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतात. सीओपीडीत गमावलेली क्षमता परत मिळत नाही.

या रोगाचा विस्तार किती आहे? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १९९० साली सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ती संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली. लोकसंख्या वाढली, माणसे अधिक वर्षे जगू लागली, हे या वाढीचे मोठे कारण आहे हे मान्य केलेच पाहिजे. तरीही जगाच्या लोकसंख्येत १८ टक्के वाटा असलेल्या आपल्या देशाच्या माथी दीर्घकालीन श्वसनविकारांच्या जागतिक भारापैकी ३२ टक्के भार यावा, याचा उलगडा केवळ लोकसंख्येने होत नाही. देशातील मृत्यूंच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल या विकाराचा क्रमांक लागतो. असे असता एखाद्या निवडणुकीत, एखाद्या अर्थसंकल्पावरील चर्चेत या रोगाचे नाव वाचकांनी कधी ऐकले आहे काय? बहुधा नाही. या मौनाचे कारण वैद्यकीय नाही. ते आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे, आणि म्हणूनच अर्थशास्त्राच्या शिक्षकाने त्याविषयी लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

घसाऱ्याची तरतूद

कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात घसाऱ्याची तरतूद असते. यंत्र आज चालत असले तरी ते दरवर्षी थोडे झिजते, आणि ती झीज आजच खर्ची घातली नाही तर नफ्याचा आकडा खोटा ठरतो, हे हिशेबनिसाला ठाऊक असते. माणसाचे फुप्फुस हेही एक भांडवलच आहे. पंचविशीनंतर त्याची क्षमता नैसर्गिकरीत्या हळूहळू कमी होते. धूर, तंबाखू, दगडखाणीतील वा गिरणीतील धूळ यांनी ती झीज कितीतरी वेगाने होते. परंतु निसर्गाने फुप्फुसांत शिल्लक क्षमता इतकी ठेवली आहे की झिजेचा बराच भाग होऊन जाईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. ज्या दिवशी धाप लागू लागते त्या दिवशी रोग सुरू झालेला नसतो. त्या दिवशी वीस-पंचवीस वर्षे न दाखवलेला घसारा एकदम वहीत उतरतो.

हा घसारा कोणाच्या अंगावर पडतो? विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर चटकन उभे राहते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात भारतातील सीओपीडीच्या भारापैकी सुमारे ५४ टक्के भार हवेच्या प्रदूषणाकडे आणि सुमारे २५ टक्के तंबाखूकडे बोट दाखवतो. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहून जगातील वैद्यकविश्वाचे लक्ष याच गोष्टीकडे वेधले. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर सरपण, गोवऱ्या व काडीकचरा यांचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी, हा त्यांनी मांडलेला आकडा होता. म्हणजे या रोगाचा उगम शोधण्यासाठी पानपट्टीच्या दुकानाइतकेच स्वयंपाकघरातही डोकावणे आवश्यक होते.

धुराचे मोजमाप

स्वयंपाकघरातील धूर हा भारतीय डॉक्टरांना अगदीच अपरिचित होता असे नाही. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीतील रुग्णांचा अभ्यास करताना फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयावर ताण आलेल्या स्त्रिया पाहिल्या आणि चुलीच्या धुराचा संशय व्यक्त केला. परंतु संशय आणि मोजमाप यांत अंतर असते. ते अंतर भरून काढण्याचे मोठे श्रेय कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाकडे जाते. १९८१ साली त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील चार खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा ओढून घेणारी लहान यंत्रे लावली आणि त्यांच्या श्वासात नेमके काय जाते ते मोजले. चुलीपुढे असताना या स्त्रिया सरासरी दर घनमीटर हवेत सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण श्वासावाटे घेत होत्या. पुढे १९९४ साली आपल्या सरकारने निवासी भागासाठी तरंगत्या धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा ठरवली ती ०.२ मिलिग्रॅम होती. पहिला आकडा स्वयंपाकाच्या वेळेपुरता आणि दुसरा दिवसभराच्या सरासरीचा, त्यामुळे दोहोंची सरळ तुलना करता येत नाही हे खरे. पण अंतर एवढे प्रचंड आहे की सूक्ष्म आकडेमोडीची गरजच भासू नये.

स्मिथ यांच्या संशोधनाचा गाभा एका साध्या प्रश्नात सांगता येतो. धूर किती निघाला हे पाहावयाचे, की माणसाच्या छातीत किती गेला हे पाहावयाचे? औष्णिक वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातून बाहेर पडलेला एक किलो धूर आकाशात विरतो. चुलीतून निघालेला एक किलो धूर फुंकणी हाती धरून बसलेल्या बाईच्या आणि तिच्या कडेवरील मुलाच्या श्वासात उतरतो. माणसाच्या शरीरात पोहोचणारा वाटा दुसऱ्या बाबतीत शेकडो पटींनी अधिक असतो. म्हणून प्रदूषण कमी करण्यासाठी एक रुपया खर्च करावयाचा तर तो माणसाच्या नाकाजवळ केल्यास त्याचे फळ सर्वांत अधिक, असा निष्कर्ष निघतो. हा वैद्यकाचा विचार आहे तितकाच तो निखळ अर्थशास्त्राचा विचार आहे. २०१२ साली टायलर पारितोषिकाने गौरविलेले स्मिथ २०२० साली निवर्तले, तोपर्यंत हा विचार बऱ्याच देशांच्या धोरणांत शिरला होता.

मोजमापाची दुसरी पायरी अर्थशास्त्रज्ञांनी आणि आरोग्यतज्ज्ञांनी मिळून रचली. केवळ मृत्यू मोजले तर सीओपीडीसारखा रोग अर्धा दिसतो, कारण तो मारण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे माणसाला निकामी करतो. १९९३ सालच्या जागतिक बँकेच्या विकास अहवालात ख्रिस्तोफर मरे व ॲलन लोपेझ यांच्या कामावर आधारलेले ‘डॅली’ हे माप वापरले गेले. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणामुळे निरोगीपणा हरवलेली वर्षे यांची ती बेरीज आहे. दोन खोल्यांतील अंतर चालण्यासाठी जिला भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्या पन्नाशीच्या बाईचे आयुष्य या मापामुळे प्रथमच सरकारी कागदावर आले. या मापावर आक्षेप आहेत, आणि त्यांतील काही रास्तही आहेत; माणसाच्या दुःखाचे दशांशात रूपांतर करणे कोणाला रुचेल? पण जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही, हा शासनव्यवहारातील अनुभव विसरून चालणार नाही.

विमा खाटेचा, रोग आयुष्याचा

आता खर्चाकडे वळू. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण दिले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजनाही याच धर्तीची आहे. या योजनांमुळे हृदयाची शस्त्रक्रिया वा कर्करोगाचा उपचार घरदार न विकता करून घेणे शक्य झाले, याबद्दल दुमत नसावे. पण या योजना मुख्यतः खाटेवर दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस एवढा बाहेरचा खर्च धरला जातो. रोग मात्र पंधरा दिवसांचा नाही, पंधरा वर्षांचा आहे.

सीओपीडीच्या रुग्णाला दररोज श्वासावाटे घ्यावयाचे औषध लागते. ते दर महिन्याला विकत घ्यावे लागते, डॉक्टरांकडे खेप घालावी लागते, खेपेच्या दिवशीचा रोज बुडतो. यांतील एकही रक्कम अशी नाही की जिच्यासाठी कोणी वर्गणी गोळा करील वा वर्तमानपत्रात आवाहन छापील. पण महिन्यामागून महिने ती जात राहते. मग काय होते? पैसे संपले की औषध थांबते, औषध थांबले की हिवाळ्यात प्रकृती ढासळते, आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होतो. त्या क्षणी विमा धावून येतो! रोगी घरी औषधावर ठीक राहावा यासाठी जी व्यवस्था अल्प खर्च करीत नाही, तीच तो अत्यवस्थ झाल्यावर भरघोस खर्च करावयास तयार असते. एखाद्या सूज्ञ गृहिणीने छपराचे फुटके कौल बदलण्याचे टाळून भिंत कोसळण्याची वाट पाहिली तर आपण तिला काय म्हणू?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला होता. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि उरलेल्या खिशातील खर्चाचा मोठा भाग औषधांवरच होतो. शासनाचा आरोग्यावरील खर्च २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते.

सिलिंडर आला, चूल राहिली

रोग होऊ नये यासाठी केलेल्या प्रयत्नांचा इतिहासही बोधप्रद आहे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या, आणि २००२ साली तो कार्यक्रम गुंडाळण्यात आला. ओडिशातील अशाच एका प्रयत्नाचा एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे चुली मोडल्या, धुराडी तुंबली, कोणी दुरुस्त केली नाहीत, आणि लाभ नाहीसा झाला. वस्तू वाटणे सोपे असते, तिचा वापर टिकवणे अवघड असते, हा त्यातील धडा.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी दहा कोटींहून अधिक गरीब घरांत पोहोचवली. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण जोडणी म्हणजे वापर नव्हे. महालेखापरीक्षकांच्या २०१९ सालच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत एक वर्ष पूर्ण केलेल्या लाभार्थ्यांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर होता. २०२३-२४ मध्ये तो ३.९५ पर्यंत चढला. पाच माणसांच्या घराचा सारा स्वयंपाक गॅसवर व्हावयाचा तर वर्षाला सात-आठ सिलिंडर तरी लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो हे सांगावयास नको. आपल्याकडील खेड्यांत चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो. भाकऱ्या आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच राहते. विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुऱ्हाट्या रानातून घरी येतात त्या ‘फुकट’ असतात.

या ‘फुकट’ शब्दापाशी अर्थशास्त्राने थांबावयास हवे. सरपणासाठी रोख पैसा पडत नाही. पडतो तो बाईचा वेळ आणि तिचा श्वास. बाजारात या दोहोंना किंमत नाही, म्हणून घराच्या वहीत त्यांची नोंद नाही. सिलिंडरला मात्र एकरकमी रोख पैसे मोजावे लागतात, आणि ज्या घरात आठवड्याच्या बाजाराला आठवड्याची मजुरी लागते तेथे ही रक्कम बाजूला पडत नाही. तेव्हा बाई चुलीकडे वळते ती अज्ञानामुळे नव्हे, तर हातात असलेल्या पैशाचा हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो म्हणून. चुकलेला हिशेब समाजाचा आहे.

सरकारी वहीतही हीच गफलत आढळते. २०२५-२६ साठी केंद्र सरकारने उज्ज्वला ग्राहकांना प्रतिसिलिंडर ३०० रुपये अनुदान देण्याकरिता १२,००० कोटी रुपये मंजूर केले. मात्र अनुदानित सिलिंडरांची मर्यादा वर्षाला बारावरून नऊवर आणली. त्याच वर्षी आयुष्मान योजनेसाठी अर्थसंकल्पात सुमारे ९,४०० कोटींची तरतूद होती. दुसरी रक्कम आरोग्यावरील खर्च म्हणून अभिमानाने सांगितली जाते. पहिली पेट्रोलियम खात्याचे अनुदान म्हणून गणली जाते, आणि ‘अनुदान’ हा शब्द उच्चारला की तो कमी कसा करता येईल याचा विचार सुरू होतो. फुप्फुसांच्या दृष्टीने पाहिले तर पहिला खर्च हा रोगप्रतिबंधाचा आणि दुसरा उपचाराचा. लस टोचण्याला कोणी अनुदान म्हणत नाही.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप पुराव्याचा. भारतासह चार देशांत गरोदर स्त्रियांना दीड वर्ष मोफत गॅस देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ व २०२४ साली प्रसिद्ध झाले. श्वासात जाणारा धूर पुष्कळ घटला, परंतु नवजात बालकांच्या वजनात वा अर्भकांतील गंभीर न्यूमोनियात अपेक्षित सुधारणा आढळली नाही. हा निष्कर्ष दडवून ठेवण्याचे कारण नाही. त्यातून एवढे कळते की गॅस ही जादूची कांडी नव्हे, आणि अल्प मुदतीत सर्व फळे मिळत नाहीत. परंतु सीओपीडी हा दीर्घकाळच्या झिजेचा रोग आहे. दीड वर्षाच्या प्रयोगाने त्याचा निवाडा करता येत नाही. शिवाय एका घराने चूल विझवली आणि शेजारच्या दहा घरांत ती पेटती राहिली तर धूर भिंत ओळखत नाही. वापर सार्वत्रिक आणि अखंड झाला तरच लाभ पुरता पदरात पडेल.

दुसरा आक्षेप पैशांचा. राज्याची तिजोरी अक्षय नाही हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. परंतु खर्च टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खिशातून होतो. हवेच्या प्रदूषणाने झालेले मृत्यू व आजार यांमुळे २०१९ साली भारताने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के उत्पादन गमावले, असा अंदाज ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधील अभ्यासात मांडला आहे. त्यात घराबाहेरच्या हवेचाही वाटा आहे. तरीही हा आकडा त्या काळच्या शासकीय आरोग्यखर्चाच्या जवळपास जाणारा आहे.

मग करावयाचे काय? प्रथम, गरीब घरांच्या सिलिंडरवरील खर्च आरोग्यखर्च म्हणून मानावा आणि तो सर्वांत गरीब घरांना अधिक उदारपणे द्यावा. पाच किलोचा लहान सिलिंडर योजनेत आहे. तो आठवड्याच्या बाजारी सहज मिळू लागला तर एकरकमी पैशांची अडचण बरीच कमी होईल. दुसरे, रक्तदाब मोजण्याचे यंत्र जसे प्रत्येक आरोग्य केंद्रात पोहोचले तसे श्वासाची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावे, आणि चाळिशी उलटलेल्या, चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या स्त्रियांची तपासणी व्हावी. असांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून या विकाराचा समावेश आहे. तो कागदावरून दवाखान्यात उतरावा. तिसरे, श्वासावाटे घ्यावयाची मूलभूत औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मोफत मिळावीत. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड यांसारखी औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. जे अत्यावश्यक आहे ते महिन्याच्या अखेरीस संपलेले असू नये.

या तिन्ही गोष्टींना नवे शोध लागत नाहीत, परदेशी तंत्रज्ञ लागत नाहीत, भव्य इमारतीही लागत नाहीत. कदाचित म्हणूनच त्यांचे उद्घाटन करण्याची घाई कोणाला नसते. मोठ्या रुग्णालयाची कोनशिला बसवता येते. वेळेवर मिळालेल्या औषधाची बसवता येत नाही. परंतु राज्यव्यवहाराची खरी कसोटी तेथेच लागते. ज्या बायांनी तीस-तीस वर्षे धुरात बसून या देशाला भाकरी करून घातली, त्यांच्या छातीतील घसारा आपल्या ताळेबंदात दाखवण्याचा प्रामाणिकपणा आपण कधी अंगी बाणवणार आहोत, हा प्रश्न आता अर्थमंत्र्यांना विचारला गेला पाहिजे. आरोग्यमंत्र्यांना तो विचारून पुष्कळ दिवस झाले.